शेजारची ताटली

तुम्ही कधी कागदी ताटलीला घाबरलात का? हसू नका. वाढदिवसाला केक वाढतात तीच ताटली. पांढरी, नऊ इंचांची, एका हातात धरली की मधोमध वाकणारी. वीस यार्डांवर ती खिळ्याला टांगलेली आहे, तुमच्या छातीत धडधडतंय आणि तळहात ओला झालाय, असं कधी झालंय? झालं नसेल, तर तुम्ही धनुष्य घेऊन हरणामागे कधी गेला नाहीत. आणि जाऊनही कधी घाबरला नसाल, तर तुमच्यासारख्यांमुळेच ऐला कांगास या बाईला हा सगळा खटाटोप करावा लागला, एवढं लक्षात ठेवा.

हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण त्या ताटलीएवढी असते. तेवढ्यात बाण बसला, तर हरीण शंभर पावलांत आडवं होतं, काय झालं ते त्याला कळायच्या आत. त्याबाहेर बसला तर ते चालत राहतं.

ऐलाने असं एक चालत राहिलेलं हरीण पाहिलं होतं. कोइवू कॉर्नर या तिच्या बर्फाळ गावाच्या रस्त्यावर सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली तिने, आणि हे शेवटच्या वर्षातलं. नोव्हेंबरची सकाळ, बसमध्ये तीस पोरं, आणि वळणावर एक मादी उभी. मागच्या मांडीत बाण. जखम चार दिवसांची तरी असावी. ऐलाने बस थांबवली, पोरांना सांगितलं, "सगळ्यांनी उजव्या खिडकीतून तळं बघा. जो डावीकडे बघेल त्याच्या आईला फोन जाईल." पोरांनी तळं बघितलं. ऐलाने मात्र डावीकडेच बघितलं, वन खात्याचा माणूस बंदूक घेऊन येईपर्यंत.

बाण कुणाचा, ते कुणीच कबूल केलं नाही. पुढच्याच आठवड्यात शिकारी मंडळाच्या सभेत ती उभी राहिली. हातात कागदी ताटल्यांचं पुडकं होतं. एकेक ताटली तिने प्रत्येकाच्या पुढ्यात आपटली. "हे तुमच्याच्याने होत नसेल तर घरी बसून सूप प्या!" कुणी म्हणालं, कायद्यात असं काही नाही. ती म्हणाली, "कायद्यात आंघोळ करायचंही लिहिलेलं नाही, तरी तू करतोस ना? का नाही करत?" त्यावर सभा संपली. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सराव मैदानावर फळा लागला. अक्षर ऐलाचं:

पाच बाण. गार. पाचही ताटलीत. नाहीतर धनुष्य खुंटीला. दिवसाला एकच संधी. साक्षीदार दुसऱ्या घरचा.

गार म्हणजे आधी हात तापवायचा नाही. आलात, धनुष्य उचललं, मारलं. हरीण काही तुम्हाला आधी दहा बाण मारून बघा असं म्हणत नाही. सप्टेंबरचा शेवटचा रविवार ताटलीचा ठरला, कारण धनुष्याचा हंगाम एक ऑक्टोबरला उघडतो. आणि फळ्यावरचं लोक पाळायला लागले. का, तर फळ्यापेक्षा तिचा आवाज मोठा होता, आणि निम्मं मंडळ लहानपणी तिच्याच बसमध्ये शिव्या खाऊन मोठं झालेलं.

डेल पेल्टियर त्यातलाच. मागच्या सीटवरचा. आता चाळिशीचा. गेल्या वर्षी त्याचे पाचांतले तीनच लागले. ऐलाने त्याच्या डोळ्यात डोळा घालून सांगितलं, "खुंटीला." डेल दोन आठवडे रोज येत राहिला, शेवटी पास झाला. तोवर ज्या नर हरणाला तो उन्हाळाभर दुर्बिणीतून बघत होता, ते त्याच्या मेव्हण्याने टिपलं. त्याची शिंगं आता डेलच्या बहिणीच्या दिवाणखान्यात आहेत. सणासुदीला डेल त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसतो.

तर अशी ही बाई. आणि या वर्षी ऑगस्टात तिचाच पाचवा बाण सौनाच्या, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, लाकडांत गेला.

ऐलाचा सराव ठरलेला. सकाळी कॉफी, वेलचीच्या पावाचा एक तुकडा, मग परसात पाच बाण. पाचच. चाकाचं धनुष्य ओढताना सुरुवातीला पंचेचाळीस पौंड अंगावर येतात, मग चाकं फिरतात आणि ओझं एकदम विरघळतं, कुणी मागून येऊन हात लावल्यासारखं. त्या हलक्या क्षणात ती दोरीतल्या बारीक छिद्रातून बघायची. छिद्रात धनुष्यावरची नेम धरायची हिरवी पिन, पिनेमागे पांढरी ताटली, मनगटाला बांधलेल्या चापावर बोट. दोन्ही डोळे उघडे. एक डोळा मिटणाऱ्यांना ती अर्धवट म्हणायची.

त्या दिवशी पहिले चार ताटलीत गेले, एका मुठीत मावतील असे. पाचव्यालाही पिन बरोबर मध्यावर होती, तिने शपथेवर सांगितलं असतं. बाण सुटला आणि ताटलीच्या डावीकडे चांगला दोन हात लांब, सौनासाठी रचून ठेवलेल्या लाकडांत जाऊन घुसला.

ती बघत राहिली. मग हातातल्या धनुष्याकडे बघितलं, जसं काही त्यानेच खोडी काढली.

"माशी बसली असेल नाकावर," ती स्वतःशी म्हणाली, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं: चार, आणि लाकडं.

दुसऱ्या दिवशी पाचही उजवीकडे, अर्धी वीत. तीन तर ताटलीच्या बाहेर. काल डावीकडे, आज उजवीकडे? तिने पाना आणला आणि बाण जिकडे जातात तिकडे पिन सरकवली. तोच नियम आहे, बाणामागे जायचं. तिसऱ्या दिवशी चार मध्यावर, एक लाकडांत. चौथ्या दिवशी पुन्हा सगळे उजवीकडे. पुन्हा पाना. कॅलेंडर बघाल तर एखाद्या दारुड्याने घरी जायचा रस्ता काढून ठेवावा तसं. चार आणि लाकडं. सगळे उजवे. चार आणि लाकडं. दोन उजवे, दोन मधले, एक लाकडं. या शेवटच्याचा अर्थ काय लावायचा ते तिला आजही माहीत नाही.

रात्रीचं जेवण करताना ती थांबायची. काल पिन हलवली का आपण? की परवा? हलवली होती ना? मनात स्क्रू फिरवल्याचं स्पष्ट दिसायचं, पण कोणत्या दिवशीचं ते दिसायचं नाही. तिच्या आईने शेवटच्या वर्षांत सुपात दोनदा मीठ घालायला सुरुवात केली होती. तिसऱ्यांदा घालायची तेव्हा म्हणायची, "कुणीच मीठ घालत नाही या घरात." ते आठवलं की ऐलाच्या हातातला चमचा जड व्हायचा.

नवऱ्याला, ऑर्वोला, तिने काही सांगितलं नाही. ऑर्वो लाकडाच्या गिरणीत राबून निवृत्त झालेला. उजवा खांदा गेला तसं त्याने धनुष्य सोडलं. तो कॉफी करायचा, लाकडं फोडायचा, सॉसेज भरायचा, आणि हाताला लागेल ते दुरुस्त करत बसायचा. दिवसाला वीस शब्द बोलायचा, त्यातले सहा कुत्र्याशी.

सप्टेंबरच्या मध्यावर तिने नाक मुठीत धरलं आणि डेलकडे गेली. गेल्या वर्षी धनुष्य खुंटीला लागल्यापासून डेलने इतकं वाचलं, इतकं खोललं आणि जोडलं, की आता गावातली सगळी धनुष्यं त्याच्या गॅरेजमध्ये येतात.

"या ऐलाबाई! पायरी सांभाळा. बस कुठे लावलीत?"

"तोंड कमी चालव. हे बघ जरा. काहीतरी सैल झालंय."

"धनुष्यात की..."

"डेल."

"बघतो, बघतो."

त्याने धनुष्य यंत्रात चढवलं, ओढलं, चाकांवर रेघा जुळवल्या, दोरी बोटांनी चाचपली. मग पिनेच्या पट्टीपाशी वाकला.

"धनुष्य ठणठणीत आहे. पण हा स्क्रू बघा. खाच पार खाल्लीये. किती वेळा फिरवलात?"

"चारदा. फार तर पाचदा."

"हा पाचदाचा स्क्रू नाही, बाई. हा पंधरा-वीसदाचा आहे. आणि पाना मापाचा नव्हता. कुणीतरी जाड्या पान्याने दाबून फिरवलंय."

"म्हणजे मी फिरवते आणि विसरते, असं म्हणायचंय तुला?"

"मी स्क्रूबद्दल बोलतोय."

"बसमध्येही असंच बोलायचास. 'मी सीटबद्दल बोलतोय.' आणि सीट कुणी फाडली होती?"

"मीच," डेल म्हणाला, आणि नवा स्क्रू बसवून दिला.

ती गाडीत येऊन बसली. जाडा पाना. तिच्या घरात दोनच पाने होते. बारीक तिच्या पिशवीत, जाडा ऑर्वोच्या पेटीत. मग आपण ऑर्वोच्या पेटीतला पाना घेऊन हे करतो की काय? झोपेत? परतीच्या वाटेवर तिने दुकानात थांबून नेलपॉलिश घेतलं. दुकानातली बाई म्हणाली, "काही खास?" ऐला म्हणाली, "हो, हरीण जेवायला बोलावलंय."

घरी येऊन तिने पिनेच्या पट्टीवर, हलणाऱ्या भागापासून न हलणाऱ्या भागापर्यंत, केसाएवढी लाल रेघ ओढली. पिन हलली तर रेघ तुटेल. त्यानंतर तिने पान्याला हात लावला नाही. आपण लावला नाही, हेही विसरू नये म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

सोमवारी सकाळी रेघ अखंड होती. त्या दिवशी एक बाण लाकडांत गेला. मंगळवारी सकाळी रेघ तुटलेली. दोन लाल तुकडे, एकमेकांना चुकलेले.

तिला आधी आनंद झाला. देवा, मी विसरत नाहीये! मग तिला राग आला, तो आला तो मावेना. तरी ती शनिवारपर्यंत थांबली, कारण ऑर्वोला प्रश्न विचारला की तो उठून लाकडं फोडायला जातो. शनिवारी सौनात, वरच्या फळीवर, भिंतीकडच्या बाजूला तो बसला की त्याला पळायला जागा नसते.

"ऑर्वो."

"हं."

"माझी पिन कोण हलवतं?"

ऑर्वोने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ छतापर्यंत गेली.

"वाफेत लपू नकोस. विचारलंय मी."

"डावीकडे जात होता," ऑर्वो म्हणाला.

"कोण?"

"बाण. लाकडांत सापडायचा. म्हटलं, जरा..."

"जरा काय?"

"डावीकडे केली जराशी."

"किती वेळा?"

"जितक्या वेळा सापडला, तितक्या."

"अरे देवमाणसा! मी इकडे करते, तू तिकडे करतोस! सहा आठवडे! मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं मला आईसारखं होतंय. मिठासारखं."

ऑर्वोने पळी खाली ठेवली. त्याच्या भुवयांवरून घाम टपकत होता, किंवा तो घामच होता असं म्हणू. "असं वाटत होतं तुला? मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलं नाहीस," ऐला म्हणाली. आणि दोघं त्या वाफेत असे हसले की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

आता ऑर्वोला मूर्ख म्हणून मोकळे होऊ नका. कोइवू कॉर्नरमध्ये सगळेच असे. पहाटे उठून शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा आणि तो उठायच्या आत घरी परतायचं. पायरीवर माशांची पिशवी ठेवायची, चिठ्ठी ठेवायची नाही. मदत केली हे तोंडाने सांगणं म्हणजे समोरच्याला लंगडा म्हणण्यासारखं समजतात. शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढणं ठीक आहे. दुसऱ्याचा नेम मात्र असा गुपचूप दुरुस्त करता येत नाही, हे कुणाला कधी सुचलंच नव्हतं.

ऐलाने पिन मध्यावर आणली, नवी लाल रेघ ओढली, ऑर्वोकडून वचन घेतलं, आणि सगळा गोंधळ संपला असं जाहीर केलं. एक प्रश्न तेवढा राहिला होता. ऑर्वोने पिन हलवली ती लाकडांतल्या बाणामुळे. मग तो अगदी पहिला बाण, कुणी काहीच हलवलेलं नसताना, लाकडांत कशाने गेला? हा प्रश्न तिला सुचला नाही असं नाही. तिने त्याला बसायला जागा दिली नाही.

ताटलीच्या रविवारी ऊन होतं आणि वारा अजिबात नव्हता. मंडळाच्या मैदानावर आठ ठोकळे ओळीने, प्रत्येकावर एक ताटली. मागे टेबलावर कॉफीचं मोठं भांडं, मांस-कंद भरलेल्या, करंजीसारख्या पास्ट्या टॉवेलखाली गरम. दरवर्षी पहिली ऐला मारते. मग फळ्यावर आपल्या नावापुढे पाच लिहिते आणि बाकीच्यांकडे भुवया उंचावून बघते.

ती चौथ्या ठोकळ्यासमोर उभी राहिली. एक. दोन. तीन. चार. चारही ताटलीत. ऑर्वोने टाळीसाठी हात वर आणून ठेवले. पाचव्याला तिने श्वास अर्धा सोडला. हिरवी पिन, पांढरी ताटली, बरोबर मध्य. बोट दाबलं.

ठप् असा आवाज आला. लोकांनी बघितलं. चौथ्या ताटलीत चार बाण. आणि डावीकडच्या तिसऱ्या ताटलीत, जिच्यावर अजून कुणी मारलंच नव्हतं, बरोबर मधोमध एक.

मग मागून एक जण म्हणाला, "लागला की ताटलीत!"

"बरोबर मध्यावर! असा तर माझा कधी लागला नाही."

"फळ्यावर काय लिहिलंय बघा. पाचही ताटलीत. कुणाच्या ताटलीत, असं कुठे लिहिलंय?"

"लिहा पाच! लिहा ऐलाबाई!"

हसत होते सगळे, पण कुणीही चेष्टेने हसत नव्हतं. वाईट तेच होतं. त्यांना खरंच ते पाच मोजायचे होते. बर्फ काढावा तसा तो बाण ते तिच्या दारातून गुपचूप काढून टाकायला निघाले होते. ऑर्वोने तर टाळी वाजवलीसुद्धा.

"गप्प बसा!" ऐला ओरडली. "हरीण चौथ्या ठोकळ्यात उभं होतं! तिसऱ्यात काय उभं होतं, त्याची बायको?"

तिने धनुष्य खाली केलं. लाल रेघ बघितली, अखंड होती. वारा नाही. स्क्रू नवा. ऑर्वोचा हात नाही. आता दोष कुणाला द्यायचा? हात थरथरला नव्हता. पिन मध्यावर होती, तिने डोळ्यांनी बघितली होती. डोळ्यांनीच ना?

डेल पुढे आला. शिंगांचा हिशोब चुकता करायला याहून चांगला दिवस त्याला मिळाला नसता, आणि ती त्या तयारीनेच उभी राहिली.

"ऐलाबाई, दोन्ही हात पुढे लांब करा. तळवे माझ्याकडे. अंगठे आणि बोटं जोडून मध्ये खिडकी करा."

"प्रार्थना म्हणून घेतोस का?"

"करा तर. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून माझं नाक बघा. दिसलं?"

"दुर्दैवाने."

डेल तिच्या हातांकडे बघत उभा राहिला. "मला या खिडकीतून तुमचा डावा डोळा दिसतोय."

"डावा म्हणजे तुझ्या बाजूचा."

"तुमचा डावा, बाई. उजवा हाताआड झाकलाय. तुम्ही डाव्याने बघताय."

"मी आयुष्यभर उजव्याने बघत आलेय!"

"आयुष्यभर बघत असाल. आज नाही." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "उजव्यात काही होतंय का? संध्याकाळी गाडी चालवताना?"

गेल्या हिवाळ्यापासून समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना किरणांचे केस फुटायला लागले होते. गाडीची काच पुसून पुसून ती दमली होती. काच बदललीही होती एकदा.

"दिव्यांना केस येतात," ती म्हणाली.

"मोतीबिंदू असेल. माझ्या वडिलांचं असंच झालं. उजवा धूसर झाला की डावा मध्येच पिन पकडतो. तुम्हाला पिन मध्यावरच दिसते, पण ती डाव्या डोळ्याला दिसलेली असते. बाण जातो दोन हात डावीकडे."

"आणि मला सांगत नाही?"

"कोण?"

"डावा डोळा."

ऐलाने मान वळवून ऑर्वोकडे बघितलं. म्हणजे हा डोळासुद्धा ऑर्वोच निघाला. उजव्याला जमेनासं झालं तसा न विचारता, न सांगता, गुपचूप काम उरकायला लागला. सत्तावीस वर्षं जिने आरशात बघून तीस पोरांचं अंतरंग ओळखलं, तिला आपण कोणत्या डोळ्याने बघतो ते माहीत नव्हतं. मग आणखी काय काय आपण भलत्याच डोळ्याने बघितलं, असा विचार आला आणि तिला मैदानावरच खुर्ची मागावी लागली.

सोमवारी ती मैदानावर गेली नाही. एका डोळ्यावर हात, मग दुसऱ्यावर, अशी घरभर हिंडली. उजव्याने बघितलं तर खिडकी दुधात बुडवलेली. डाव्याने बघितलं तर स्वच्छ, पण फ्रिज थोडा सरकलेला. दोन्हीने बघितलं तर सगळं नेहमीसारखं, आणि आता तिला या नेहमीसारख्याचाच भरवसा वाटेना.

मंगळवार, तीस सप्टेंबर. उद्या हंगाम. दुपारी तिने चष्म्याच्या डाव्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली आणि मैदानावर गेली. ऑर्वो बरोबर होता. साक्षीदार दुसऱ्या घरचा हवा, म्हणून डेल.

एका डोळ्याने नेम धरणाऱ्यांना ती अर्धवट म्हणायची. आज पट्टीआडून तिने ओढलं. पिन हिरवी नव्हती, हिरवा कापूस होता. ताटली म्हणजे धुक्यातला चंद्र. एक. दोन. तिसऱ्याला ती थांबली, डोळा पुसला, मारला. चार. पाचवा सुटला तेव्हा तो डावीकडे गेला नाही, सरळ गेला, एवढं तिला कळलं. पुढचं दिसेना. ठोकळ्यात केशरी पिसांचे ठिपके होते. एक ठिपका काठाशी. आत की बाहेर?

"आत!" ऑर्वो म्हणाला.

"तू जाऊन बघितलंस?"

"इथूनच दिसतंय. आतच आहे."

"तुला वर्तमानपत्र इथून दिसत नाही, ऑर्वो."

डेल चालायला लागला. वीस यार्ड म्हणजे काय अंतर! बसमध्ये ती दिवसाला शंभर मैल करायची. ऐलाच्या डोक्यात पुन्हा सगळं ढवळून निघालं. हा बाहेर म्हणाला तर शिंगांमुळे म्हणेल का? आत म्हणाला तर दयेने म्हणेल का? ऑर्वो प्रेमाने खोटं बोलतो, मंडळ आदराने खोटं बोलतं, स्वतःचा डोळा तर सवयीनेच खोटं बोलतो. आता राहिलं कोण, मागच्या सीटवरचा पोरगा?

डेल ठोकळ्यापाशी वाकला. काठ आणि बाण यांच्यात त्याने बोट घालून बघितलं.

"बाहेर," तो तिथूनच ओरडला. "एक बोट."

"बोट कुणाचं?"

"माझं. तुमचं असतं तर दीड."

"मेव्हण्याच्या भिंतीवरच्या शिंगांची शपथ घे!"

"त्या शिंगांची शपथ. बाहेर आहे, बाई."

ऑर्वोने मान खाली घातली. ऐला मात्र उभी राहून जोरात हसली. चिडली असेल असं वाटून डेल दोन पावलं मागे सरला. चिडली नव्हती ती. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला असं काही ऐकायला मिळालं होतं, ज्यावर पाय ठेवून उभं राहता येईल. बाहेर. एक बोट. केवढं स्वच्छ!

तिने जाऊन फळ्यावर आपल्या नावापुढे चार लिहिलं. आकडा इतका मोठा काढला की खालची दोन नावं पुसली गेली. मग मूळ ओळीत, 'ताटलीत' या शब्दाआधी, 'आपल्या' असं घुसवलं. धनुष्य खुंटीला टांगलं.

एक ऑक्टोबरच्या पहाटे गाड्या एकामागून एक जंगलाच्या रस्त्याला लागल्या. डेलची गाडी तिच्या फाटकाशी हळू झाली, दिवे दोनदा लुकलुकले. त्या दिव्यांना केस होते. ऐलाने पायरीवर बसून कॉफीचा कप वर केला. डोळ्याच्या डॉक्टरने नोव्हेंबरची तारीख दिली आहे. त्यानंतर काय, उजवा परत राज्यावर बसेल की डावा हटणारच नाही, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मग डाव्या हाताचं धनुष्य घ्यावं लागेल, सगळं उलटं शिकावं लागेल, असं डेल म्हणतो. ऐलाला ते नीट कळलेलं नाही, आणि कळलं नाही असं ती आता मोठ्याने म्हणते. तोवर शिकार बंद, फक्त रोज सकाळी परसात पाच बाण मारते. पाचच.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. कधी कोइवू कॉर्नरवरून गेलात, आणि फाटकाआड एका काचेला काळी पट्टी लावलेली बाई धनुष्य ओढताना दिसली, तर गाडी थांबवा. वा वा म्हणू नका, टाळ्या वाजवू नका. पाचवा बाण सुटला, तिने धनुष्य खाली ठेवलं, की ठोकळ्यापर्यंत चालत जा, वाकून बघा, आणि कुठे लागलाय ते तिला ओरडून सांगा. बाहेर असेल तर बाहेर म्हणा, किती बोटं तेही सांगा. आणि मेहेरबानी करून पिनेला हात लावू नका.